चौथा अपघात

रुबेन वाक्रूळकरला एल्डरथॉर्पमध्ये सगळे 'रूबी' म्हणायचे आणि तो ते चालवून घ्यायचा. आडनावाच्या वाटेला तर कुणी जातच नसे. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमहून बसने अर्ध्या तासावरचं हे गाव. त्यात पेण तालुक्यातल्या वाक्रूळचं नाव लावणारा हा एकच माणूस, आणि शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात तेलाची वात लावणारी त्याची बायको मझल ही एकच बाई. बेने इस्रायल म्हणजे काय हे रुबेनने गावाला आधी दहा वेळा समजावून सांगितलं. ज्यू, पण कोकणातले. घरात मराठी, देवळात हिब्रू. बापजादे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. अकराव्या वेळी तो नुसतं 'बॉम्बे' म्हणाला आणि विषय मिटला.

माणूस तोंडाने फटकळ, पण आतून मऊ. सारी नोकरी हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात गेली. रिटायर होईपर्यंत सरकार या गोष्टीबद्दल त्याचं स्वतःचं एक पक्कं मत झालं होतं, आणि ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. तो नोकरीला लागला तेव्हा दर सोमवारी सकाळी एक्स-रे खोलीबाहेर फुटक्या तोंडांची रांग असायची. शनिवार-रविवारी गाडी ठोकून, काचेवर आपटून आलेली तरणीताठी पोरं. मग लंडनहून कायदा आला, पुढच्या सीटवर पट्टा बांधा, नाहीतर दंड भरा. लोकांनी काय कमी बोंब मारली? आमच्या स्वातंत्र्याचं काय, म्हणाले. पण बांधला. आणि सोमवारची रांग बघता बघता ओसरली. रुबेन ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि शेवटी विचारायचा, "त्या पट्ट्यासाठी कुणी गावोगाव नावं गोळा करत फिरलं होतं का?"

हे विचारायचं कारण असं, की आता त्याच्या नशिबी तेच आलं होतं.

गावाच्या मधोमध मोठा रस्ता. रुबेनचा बंगला अलीकडे, नॉटिंगहॅमहून येणारी बस थांबायची पलीकडे. मधे वळण, आणि वळणावरून गाड्या अशा सुटायच्या की जणू मागे वाघ लागलाय. मझल दर शुक्रवारी बसने नॉटिंगहॅमच्या बाजारात जायची, मासळी आणायला. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतच्या विसाव्याच्या, जेवणाला फिश करी नाही म्हणजे ते जेवणच नाही, हे तिचं म्हणणं. सुपरमार्केटची डब्यातली मासळी तिच्या लेखी मासळीच नव्हती. येताना ती पलीकडच्या कडेला उभी राहायची, पिशवी छातीशी धरून, आणि रुबेन अलीकडून हात करायचा, थांब, थांब, आता ये. तिच्या गुडघ्यांना घाई जमत नव्हती. तिथे सिग्नलचं क्रॉसिंग व्हावं, बटण दाबलं की गाड्या थांबाव्यात आणि मझलने सावकाश, मानाने रस्ता ओलांडावा, एवढंच त्याला हवं होतं. म्हातारपणी माणूस याहून मोठं काय मागणार?

कौन्सिलच्या रस्ते विभागातल्या बाई फोनवर फार गोड बोलायच्या. त्यांनी नियम सांगितला. पैसे थोडे, रस्ते फार, म्हणून जिथे तीन वर्षांत चार गंभीर अपघात होतील तिथेच क्रॉसिंगचा विचार. एल्डरथॉर्पच्या वळणावर तीन झालेत.

"म्हणजे अजून एकाचं हाड मोडेपर्यंत थांबायचं?" रुबेनने विचारलं.

"असं मी म्हटलेलं नाही, मिस्टर वॉकर," बाई म्हणाल्या. वाक्रूळकरचा त्यांनी केव्हाच वॉकर करून टाकला होता.

त्याने लंडनला मंत्रालयात लिहिलं. तिथून दोन ओळींचं उत्तर आलं, हा स्थानिक प्रश्न आहे, कौन्सिलशी बोला. कौन्सिल म्हणाली, पैसे लंडनहून येतात, त्यांच्याशी बोला. ही टोलवाटोलवी वर्षभर चालली. रुबेनने हात टेकले नाहीत, पण डोकं मात्र त्याचं पार आउट झालं.

तेवढ्यात ब्रॉडबँडचं निघालं. हे २००३ सालचं. शहरात सगळीकडे जोरात इंटरनेट आलेलं आणि एल्डरथॉर्पमध्ये अजून टेलिफोनच्या तारेतून कुईकुई आवाज काढत एकेक पान उघडायचं. फोन कंपनी म्हणाली, तीनशे गिऱ्हाइकांनी नावं नोंदवली तर तुमच्या एक्स्चेंजात मशीन बसवू, नाहीतर परवडत नाही. आणि नावं नोंदवायची कुठे? इंटरनेटवर. जिथे इंटरनेट धड चालत नाही म्हणून ओरड आहे, तिथे ओरडायला इंटरनेटवर या. वा रे शहाणपण.

गावच्या पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचे, अध्यक्ष होते हॉलिंग्जवर्थ नावाचे गृहस्थ. उंच, तांबडे, वरच्या आळीला मोठं घर. ते रुबेनकडे आले. "रूबी, तुला वेळ आहे, लोक तुला ओळखतात. तू दारोदार जाऊन नावं जमव. मग आम्ही सगळे तुझ्या क्रॉसिंगच्या मागे उभे राहू."

रुबेनला हे पटलं, आणि त्याला आणखी एक लालूच होतीच. त्याची मुलगी टालिया लंडनजवळ ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर कंपनीत होती. नॉटिंगहॅममध्येच जन्मलेली, मराठी बोलायची पण लिंग-वचनाला न जुमानता. ती फोनवर म्हणाली होती, "पापा, तुमचा लाइन फास्ट झाला ना, तर मी थ्री डेज वर्क फ्रॉम होम घेईन. मी तिकडेच राहायला येते. आईला मार्केटला मीच नेईन." मझलने हे ऐकलं आणि मागची खोली झाडून पडदे बदलले.

मझलच मग नवस बोलली. बेने इस्रायल माणूस अडला की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला हाक मारतो, आणि काम झालं की मलिदा करतो. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं, आणि सगळ्यांना बोलावून आशीर्वाद. मझल म्हणाली, "क्रॉसिंग झालं की मलिदा. अख्ख्या गावाला." लेस्टरच्या देशी दुकानातून पोह्यांचं मोठं पाकीट आणून तिने फडताळात ठेवलं. रुबेन हसला, म्हणाला, गोऱ्यांना मलिदा चारणार तू. ती म्हणाली, "अहो, खातील. केकपेक्षा बरा लागतो."

तर रुबेन दारोदार फिरला. कुणाला ब्रॉडबँड म्हणजे टीव्हीचं नवं चॅनेल वाटलं. एका आजोबांनी त्याला छत्री विकणारा समजून दार लावून घेतलं. कुत्रे अंगावर आले, चहा पण झाले. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांची नावं तो घरी येऊन कुईकुईवर स्वतः भरायचा. भरता भरता लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पण तीनशे नावं झाली. एक्स्चेंजात मशीन बसली. गंगेत घोडं न्हालं म्हणायचं.

आणि वरच्या आळीला ब्रॉडबँड आलं. हॉलिंग्जवर्थांच्या घरी आलं, शाळेत आलं, पबमध्येसुद्धा आलं. रुबेनच्या घरी नाही आलं. कंपनीचा माणूस तार तपासून म्हणाला, रस्त्याच्या अलीकडची घरं एक्स्चेंजपासून फार लांब पडतात, इथे सिग्नल पोचत नाही. रुबेन म्हणाला, अरे पण नावं मी जमवलीत. तो बिचारा पोरगेला माणूस, काय बोलणार? म्हणाला, कंपनीला कुणी सक्ती केलेली नाही सर, जिथे परवडतं तिथवर नेतात.

त्या रात्री जेवताना रुबेनचं तोंड सुटलं. "नळाचं पाणी असंच आलं होतं का गं? ज्याला परवडेल त्याच्या दारापर्यंत? विजेच्या तारा नावं मोजून आल्या? कुणीतरी वर बसून ठरवायला लागतं की सगळ्यांना द्यायचं, मग ते होतं. इथे वर कुणी बसलेलंच नाही. सगळे आकडा सांगतात आणि घरी जातात."

"तुम्ही जेवा," मझल म्हणाली.

टालियाने मग ब्रॅकनेललाच फ्लॅट घेतला. तिचा तरी काय दोष? मागच्या खोलीतले नवे पडदे तसेच राहिले. हॉलिंग्जवर्थांनी क्रॉसिंगसाठी कौन्सिलला एक पत्र पाठवलं, दिला शब्द पाळला असं मानलं, आणि त्यांच्या घरी तर आता सिनेमासुद्धा डाउनलोड व्हायला लागले.

डिसेंबरात दिवस किती लवकर मावळतो. त्या शुक्रवारी बस उशिरा आली. शब्बाथ लागायला थोडाच अवकाश, दिवा लावायचा राहिलेला, आणि मझल पलीकडे उभी. रुबेन घरात होता. दिव्याच्या पेल्यात तेल घालत होता, आपणच तयारी करून ठेवू म्हणून. हात करायला अलीकडे कुणी नव्हतं. तिने अंधारून आलेलं पाहिलं आणि निघाली.

गाडीचा आरसा तिला कमरेपाशी लागला. ती पडली, पिशवी फाटली, बांगडे रस्त्यावर पसरले. गाडी थांबली. चालवणारा जेमतेम विशीचा. तो इतका घाबरला की त्यालाच रडू फुटलं. म्हणाला, पोलिसांना बोलावतो, ॲम्ब्युलन्स बोलावतो. मझल उठून उभी राहिली, कोट झटकला आणि म्हणाली, "नो, नो. आय ॲम फाइन. यू गो होम." ज्या बाईच्या नवऱ्याच्या तोंडी उठता-बसता चौथा अपघात होता, तिने चौथा अपघात असा आपल्या हाताने घरी पाठवला. कारण दिवा लावायचा होता. कारण परक्या देशात पोलिसांच्या तोंडी कशाला लागा, असं आमची माणसं मनात धरूनच चालतात. आणि पोराला रडताना तिला बघवलं नाही.

ती लंगडत घरी आली आणि आधी दिवा लावला. डोळे झाकून आशीर्वाद म्हटला, मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बांगडे गेले हो."

रुबेनने सगळं ऐकलं, तिची मांडी दाबून पाहिली. "चल, हॉस्पिटलात जाऊ."

"शब्बाथ लागला. उद्या संध्याकाळी बघू."

"जिवावरचं असेल तर शब्बाथ मोडतात, मझल. आपल्या तोरा ग्रंथातच आहे."

"जीव कुठे चाललाय? चालत आले ना मी?"

आणि रुबेन गप्प बसला. ज्याने आयुष्यभर पेशंटना सांगितलं होतं, बाबा, चालता येतंय म्हणजे हाड शाबूत आहे असं नव्हे, तो स्वतःच्या बायकोच्या बाबतीत गप्प बसला. आठवड्यातून एक दिवस ती शांत बसायची, तो मोडायला त्याला जड गेलं. पुढे त्याने स्वतःला याबद्दल काय काय शिव्या दिल्या ते सांगण्यात अर्थ नाही.

शनिवारी तारे दिसल्यावर ती चहा टाकायला उठली आणि स्वयंपाकघरात कोसळली. खुब्याचं हाड आधी नुसतं तडकलेलं होतं, ते आता सरकलं. ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, काय झालं? मझल खरं बोलणारी बाई. म्हणाली, किचनमध्ये पडले. त्याने तसंच लिहून घेतलं.

ऑपरेशन झालं, पण पायात जोर म्हणून आला नाही. मझल चाकाच्या खुर्चीत बसली ती बसलीच. रुबेनने खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीशी ठेवली, कारण दुसऱ्या खिडकीतून नुसती भिंत दिसायची.

रस्ते विभागाच्या बाईंना त्याने फोन केला. त्यांना खरंच वाईट वाटलं, आवाजावरून कळत होतं. पण पोलिसांकडे नोंद नाही, गाडीचा नंबर नाही, साक्षीदार नाही, आणि हॉस्पिटल म्हणतं किचन. "हा अपघात आम्हाला मोजता येत नाही, मिस्टर वॉकर. आणि एक सांगून ठेवते. तीनपैकी सर्वांत जुना अपघात मार्चअखेर यादीतून निघेल. त्याला तीन वर्षं होतात."

"निघेल म्हणजे?"

"मग दोनच उरतील."

मझल खिडकीत, आणि रस्त्याचा आकडा तीनावरच. रुबेनने मार्चचा धसका घेतला. पोलीस चौकीत गेला, पबमध्ये त्या पोराची चौकशी केली, काही हाती लागलं नाही. टालिया दर रविवारी फोन करायची, "पापा, तुम्ही मूव्ह करा ना इकडे," आणि तो म्हणायचा बघू. त्याला क्रॉसिंग हवं होतं. ज्या मझलसाठी हवं होतं ती आता चालतच नव्हती, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण आता सोडलं तर तिचा पाय फुकट गेला, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. रोज सकाळी तो एलियाहू हन्नाबीला तेच सांगायचा, क्रॉसिंग होऊ दे, मार्च संपायच्या आत होऊ दे. ब्रेकचा आवाज आला की हातातलं काम टाकून उभा राहायचा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तो आवाज आला. ब्रेक, मग धप्प. रुबेन सपाता घालूनच धावला. आणि धावताना त्याच्या मनात पहिला विचार कोणता आला, तर: चार झाले.

रस्त्यात एक मुलगी पडली होती, निळ्या कोटातली, नव्या कॉलनीत राहणारी. बससाठी धावत होती. गाडीवाला खाली उतरून तोंडावर हात धरून उभा. मुलगी उठून बसली, तळहात खरचटले होते. मग उभी राहिली, एक पाय झटकला, दुसरा झटकला.

"आय ॲम फाइन," ती म्हणाली.

"फाइन म्हणू नकोस," रुबेन म्हणाला. "बस खाली. आधी पोलीस येऊ देत. पाय दुखतोय ना? खुब्यात? नीट बघ, कुठेतरी दुखत असेल."

"नाही, खरंच काही नाही."

"नीट बघ गं," तो मराठीतच बोलून गेला. त्याचा आवाज अजिजीचा झाला होता.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. एक पाऊल मागे सरकली, मग गाडीवाल्याशी दोन शब्द बोलली आणि पलीकडे गेली, बसस्टॉपवर. ताठ, व्यवस्थित चालत. बस आली आणि ती गेली. रुबेन रस्त्याच्या कडेला सपातांवर उभा होता आणि त्याला भयंकर निराश वाटत होतं. एक पोर धडधाकट सुटली म्हणून निराश. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली.

घरात मझल खिडकीशीच होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"बरी आहे ना ती?"

"बरी आहे," रुबेन म्हणाला आणि खाली बसला. तोंड लपवायला जागा नव्हती.

मझलने खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "फडताळातले पोहे काढा."

"कशाला? नवस कुठे फिटलाय?"

"फिटायला नकोच. कांदेपोहे करा साधे. मिरची घाला दोन." मग म्हणाली, "आपण रोज काय मागत होतो ते आज बघितलं मी. हन्नाबीला सांगा, आमचं मागणं परत घेतलं."

रुबेनने कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कांद्याचं निमित्त बरं होतं. लेस्टरहून आणलेले मलिद्याचे पोहे दोघांनी खिडकीशी बसून खाल्ले. मीठ जरा जास्त झालं होतं.

एप्रिलमध्ये रस्ते विभागाच्या बाईंचा आपणहून फोन आला. आवाजात आनंद होता. वळणाचा आकडा उतरला होता, म्हणून एल्डरथॉर्पचं नाव धोक्याच्या ठिकाणांतून काढलं होतं. "चांगली बातमी आहे, मिस्टर वॉकर. आमच्या हिशेबाने तुमचा रस्ता आता पहिल्यापेक्षा सुरक्षित झालाय."

रुबेनने थँक यू म्हटलं. भांडायचं त्याच्यात काही उरलं नव्हतं. फोन ठेवून तो मझलजवळ आला.

"काय म्हणाल्या?"

"रस्ता सुरक्षित झाला म्हणे."

मझल बाहेर बघत राहिली. वळणावरून एकामागून एक गाड्या सुटत होत्या. मग तिने शाल नीट केली आणि म्हणाली, "झाला ना? मग मला एकदा पलीकडे घेऊन चला."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. त्याने तिला कोट घातला, पायांवर पांघरूण टाकलं, खुर्ची फाटकातून बाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेला आणून उभी केली. समोर बसस्टॉप होता, चार पावलांवर. रुबेनने एकदा खुर्ची पुढे घेतली, गाडी आली, मागे घेतली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एकाने हॉर्न दिला. हॉलिंग्जवर्थांची गाडी गेली, त्यांनी आतून हात केला. मझल मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसली होती, ती कधी घेतली त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

बरीच थंडी वाजायला लागली तेव्हा तिने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्याने खुर्ची घराकडे वळवली.